तंबूशिवाय पायी: सोलापूरहून निघणाऱ्या मुक्कामी पदयात्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरते, पहाटे गारवा येतो आणि हे प्रश्न यायला लागतात. विचारणारे मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात. एक, सह्याद्रीतले किल्ले करून आलेली तरुण मंडळी, ज्यांना तंबू, स्टोव्ह आणि स्लीपिंग बॅगचं ओझं नको झालंय. दुसरे पन्नाशी-साठीतले, ज्यांचे पाय अजून भक्कम आहेत पण उघड्यावर झोपायची तयारी नाही. दोघांनाही हवं असतं ते एकच: दिवसभर चालावं आणि रात्री छपराखाली पाठ टेकावी, ताटात गरम अन्न असावं. सोलापूरकरांना हे घराच्या उंबऱ्यापासून करता येतं, त्यासाठी पुणं-नाशिक गाठायची गरज नाही.

तंबू नाही, तर रात्री राहायचं कुठे?

तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर ही तिन्ही क्षेत्रं सोलापूरपासून दोन ते पाच दिवसांच्या चालीवर आहेत. गाड्या यायच्या आधीपासून माणसं इथे पायीच येत होती, त्यामुळे राहायच्या जागाही चालत येणाऱ्याच्या हिशेबानं उभ्या राहिल्या. क्षेत्राच्या गावी भक्तनिवास, यात्रीनिवास, मठ आणि धर्मशाळा मिळतात. मंगळवेढा, मोहोळ अशा तालुक्याच्या गावी लॉज असतात. अडचण येते ती मधल्या खेड्यांत. तिथे देवळाचा सभामंडप, मंगल कार्यालय, शाळेची खोली किंवा ओळखीतलं घर असा बंदोबस्त करावा लागतो, आणि तो निघायच्या आधीच झालेला बरा.

दिवसाला किती किलोमीटर चालायचं?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, पण त्याचा नंबर दुसरा आहे. आधी मुक्काम ठरवा, अंतर त्यावरून ठरेल. तंबूवाला दमला की वाटेत कुठेही थांबतो. आपल्याला छप्पर जिथे आहे तिथवर पोचावंच लागतं. म्हणून नकाशावर आधी फक्त रात्रीच्या जागा मांडायच्या, प्रत्येक ठिकाणी फोन करून खात्री करायची आणि मग दोन जागांमधलं अंतर मोजायचं. ते नवख्यासाठी १५ ते १८ आणि सवय असलेल्यासाठी २० ते २५ किलोमीटरमध्ये बसलं तर वाट जमली. नाही बसलं तर मधला तुकडा खुशाल एसटीनं करावा. त्यात कमीपणा काही नाही.

पाठीवर पिशवी घेऊन, चहापाण्याला थांबत माणूस तासाला साडेतीन-चार किलोमीटर चालतो. सकाळी सहाला निघालं तर १८ किलोमीटरला साडेदहा-सव्वाअकरा होतात. सोलापूरच्या उन्हात हाच हिशेब सोयीचा आहे. बारानंतर डांबरावर चालणं म्हणजे पायांचे हाल.

पहिल्यांदाच जायचंय. कोणती वाट घ्यावी?

अक्कलकोटची. अंतर ४० किलोमीटरच्या आसपास, वाट सपाट, दोन दिवसांत होते. कुंभारी ओलांडून वळसंग साधारण निम्म्यावर येतं, पहिला मुक्काम तिथे ठरवता आला तर उत्तम. वळसंगला बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी प्यायलेली विहीर आहे, ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्या काळात पाणवठ्यावर हक्क नव्हता त्या काळातली ती जागा आहे, आणि आपण तिथे स्वतः तहानलेले असताना पोचतो.

अक्कलकोटला स्वामी समर्थांनी १८७८ साली समाधी घेतली. वटवृक्ष मंदिराच्या परिसरात राहायच्या जागा भरपूर आहेत, आणि अन्नछत्र मंडळाच्या महाप्रसादामुळे जेवणाची चिंता उरत नाही. या बाजूला घराघरांत कानडी बोलतात. मराठी सगळ्यांना येते, पण रस्ता विचारताना एखादा कानडी शब्द टाकला की समोरचा माणूस दोन पावलं बरोबर येऊन वाट दाखवतो.

अक्कलकोट जमलं की पुढची पायरी गाणगापूर. दुधनीवरून कर्नाटकात शिरायचं, आणखी साठ-सत्तर किलोमीटर. निर्गुण मठ आणि भीमा-अमरजेचा संगम तिथे आहे. पण वाटेत मुक्कामाच्या जागा विरळ आहेत, तेव्हा पहिल्या खेपेला हा हट्ट नको.

तुळजापूरला कोजागिरीच्या वेळी गर्दीबरोबर जावं की एरवी?

कोजागिरीला सोलापूरहून आणि कर्नाटकातून आलेले लाखो लोक चालतात. त्या दिवसांत रस्ता वाहनांसाठी बंद किंवा वळवलेला असतो आणि वाटेवर ठिकठिकाणी फराळ, चहा, पाणी वाटणारे मंडप असतात. बरेच जण सोलापुरातल्या रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघतात आणि रात्रभर चालून एका दमात ४५ किलोमीटर संपवतात. तो अनुभव घ्यावाच. पण ती मुक्कामी पदयात्रा नव्हे, आणि त्या दिवशी तुळजापुरात खोलीची आशा धरू नये.

निवांत जायचं तर मार्गशीर्ष-पौषात निघा. उळे, तामलवाडी करत दोन दिवस ठेवा. तामलवाडी मध्यावर पडते. शेवटी बालाघाटाचा घाट चढावा लागतो. चढ फार नाही, पण तो दुसऱ्या दिवशी आणि दमलेल्या पायांना येतो, म्हणून पहिल्या दिवशी जास्त अंतर कापून ठेवलेलं बरं. तुळजापुरात पुजाऱ्यांच्या घरी उतरायची जुनी रीत आजही चालू आहे. तुमच्या घराण्याचे पुजारी ठरलेले असतील तर आधी त्यांनाच फोन करा. आजोबांच्या वेळची ओळख निघते, आणि पुरणाचं नाही तरी पिठलं-भाकरीचं ताट हमखास मिळतं.

पंढरपूरची वाट मुक्कामांसकट सांगाल का?

सोलापूरहून पंढरपूरला पायी जायच्या दोन वाटा आहेत. मोहोळवरून जाणारी वाट अर्धी पुण्याच्या महामार्गावरून जाते. ट्रकांच्या वाऱ्यात चालण्यात सुख नाही, म्हणून ती मी सुचवत नाही. दुसरी वाट मंगळवेढ्यावरून. थोडी लांब पडते, पण याच वाटेनं शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढात पंढरीला जाते: तुळजापूरकडून उळे, मग सोलापूर, तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा आणि पंढरपूर. पालखीचे मुक्काम म्हणजे आपल्याला आयते आखून मिळालेले टप्पे. शिवाय या गावांना चालत येणाऱ्याची सवय आहे. पाठीवर पिशवी दिसली की पारावरचा माणूस स्वतःहून विचारतो, 'माउली, पाणी घेता का?'

पहिला टप्पा सीना नदीकाठच्या तिऱ्ह्यापर्यंत. शहरातून बाहेर पडण्यातच बराच वेळ जातो, म्हणून हा दिवस मुद्दाम छोटा ठेवावा. दुसऱ्या दिवशी कामती. ज्यांना सवय आहे ते हे दोन दिवस एकत्र करतात आणि पाचाऐवजी चार दिवसांत पंढरपूर गाठतात. तिसऱ्या दिवशी बेगमपूरला भीमेचा पूल ओलांडून माचणूर.

माचणूरला दुपारपर्यंत पोचा आणि उरलेला दिवस तिथेच काढा. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं दगडी मंदिर आहे, घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि शेजारी औरंगजेबानं बांधलेला किल्ला आहे. १६९५ ते १६९९ या काळात त्याची मुख्य छावणी इथे ब्रह्मपुरीला होती. १६९७ च्या पुरात भीमेनं त्या छावणीची दाणादाण उडवली. काठावरची मऊ जागा बघून 'इथे तंबू काय छान लागला असता' असं ज्यांच्या मनात येतं, त्यांना मी हा पूर आवर्जून सांगतो. आज तर वर उजनी आहे. धरणातून पाणी सोडलं की इथे पाऊस नसतानाही रातोरात पाणी चढतं. मुक्काम गावात, वरच्या अंगाला, पक्क्या छपराखालीच करावा. घाटावर बसायचं ते सूर्य मावळेपर्यंत.

चौथा दिवस मंगळवेढा. इथे रीतसर लॉज मिळतात, गरम पाणी मिळतं, औषधांची दुकानं आहेत. पाय तपासायचा, कपडे धुवायचा, हवा तर एक दिवस जास्त राहायचा मुक्काम हाच. दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी खुलं करणारे दामाजीपंत इथले. कान्होपात्रा इथली. आणि चोखोबा इथेच गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळून गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. पाचव्या दिवशी आपण मंगळवेढ्याहून पंढरपूरला चालतो तेव्हा नामदेव ज्या दिशेनं गेले त्याच दिशेनं जात असतो. शेवटी त्या समाधीशी उभं राहिल्यावर मागचे वीस-पंचवीस किलोमीटर वेगळेच वाटतात. हा दिवस सगळ्यात लांब आहे. अंधार असताना आवरा, फटफटलं की निघा. पंढरपूरच्या अलीकडे गोपाळपूर लागतं, तिथे थांबून पाणी प्या, मगच गावच्या गर्दीत शिरा.

या सगळ्या वाटेवर डिसेंबर-जानेवारीत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. काळ्याभोर, खोल जमिनीत पाऊस गेल्यावर, नुसत्या मुरलेल्या ओलीवर ती येते. हुरड्याच्या दिवसांत कुणी शेतात बोलावलं तर नाही म्हणू नका, टप्पा थोडा लांबला तरी चालेल.

खोली आधी बुक करावी लागते का?

लॉजला हो, फोनवर सांगून ठेवावी. भक्तनिवासांत ठिकाणाप्रमाणे रीत बदलते. काही ठिकाणी ऑनलाइन होतं, बऱ्याच ठिकाणी जो आधी पोचेल त्याला खोली मिळते. पंढरपुरात मंदिर समितीचं आणि गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास मोठं आहे, शिवाय मठ पुष्कळ. पण आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार एकादश्यांच्या आसपास गावात पाय ठेवायला जागा नसते. अक्कलकोटला गुरुवार, गुरुपौर्णिमा आणि स्वामींचा प्रकटदिन टाळा. तुळजापूरला नवरात्र आणि मंगळवार-शुक्रवार टाळा. सोमवार-बुधवारी पोचाल अशा बेतानं निघालात तर बहुतेक ठिकाणी दारातूनच 'या' ऐकायला मिळेल.

फोन करताना चार गोष्टी विचारून घ्या: आम्ही चालत येतोय, अमुक वाजेपर्यंत खोली ठेवाल का, रात्री फाटक किती वाजता बंद होतं, सकाळी पाच-साडेपाचला बाहेर पडता येईल का, जेवण तिथे आहे की बाहेर. तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. पहाटे फाटकाची किल्ली घेऊन वॉचमन गाढ झोपलेला असतो आणि चालायचा सगळ्यात चांगला तास आतच जातो. सगळ्यांची मूळ आधार कार्डं जवळ ठेवा. मोबाइलमधला फोटो बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

एकट्या माणसाला खोली देत नाहीत, हे खरं आहे का?

काही भक्तनिवासांत आणि लॉजवर खरं आहे. त्यांचीही काही कारणं असतात, त्यावरून काउंटरवर हुज्जत घालू नये. अशा ठिकाणी सामायिक हॉल असतो, तिथे गादी आणि लॉकर मिळतो. दुसरा उपाय म्हणजे आधीच्या मुक्कामावरच्या व्यवस्थापकाला पुढच्या ठिकाणी फोन करायला सांगणं. 'आपल्याकडे राहून गेलेत, माणूस चांगला आहे' एवढं एक वाक्य पुरतं.

देव मानत नाही. तरी भक्तनिवासात राहिलं तर चालेल का?

चालेल. दारात कुणी श्रद्धेची परीक्षा घेत नाही. मात्र घर त्यांचं आहे, त्यांचे नियम पाळायला हवेत: मांस, दारू, तंबाखू, गुटखा नाही, चपला बाहेर, रात्री मोठ्यानं बोलणं नाही. आरती चालू असेल तर बसावं असं नाही, पण त्या वेळात व्हरांड्यात फोनवर गप्पा मारू नयेत.

या प्रश्नाला एक जुनी, जड बाजूही आहे. चालत आलेल्या प्रत्येकाला छप्पर मिळत होतं असं नाही. दलित वारकऱ्यांना इतरांच्या धर्मशाळांत उतरू देत नसत, म्हणून गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या स्वाधीन केली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, ते तनपुरे महाराजांच्या मठात. मुक्कामी चालणाऱ्यांनी या दोन्ही जागा पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं. आज आपण आधार कार्ड दाखवतो आणि कुणी जात न विचारता किल्ली हातात देतो, त्यामागे या माणसांचे कष्ट आहेत. आणि वाटेत कुठे कुणी आडनावावरून चौकशी करू लागला, तर तिथे न राहता पुढच्या दारी जावं.

मुक्कामावर पोचल्यावर आधी काय करायचं?

लोक पोचतात आणि पलंगावर आडवे होतात. तिथेच दुसऱ्या दिवसाचे हाल ठरतात. क्रम असा ठेवा. रजिस्टरमध्ये नाव लिहा, खोलीत पिशवी ठेवा आणि बसायच्या आधी मोजे काढून बादलीत भिजवा. दुपारचं ऊन आहे तोवर ते वाळतात. संध्याकाळी धुतलेले मोजे सकाळी ओलसर राहतात आणि ओल्या मोज्यात पायाला फोड येतोच. मग थंड पाण्यानं पाय धुऊन नीट पुसायचे, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. खिडकीच्या उजेडात तळवा वर करून बघायचा: टाच, चवड्याचा भाग, करंगळीची बाहेरची बाजू. लाल झालेली, दाबल्यावर चुणचुणणारी जागा म्हणजे उद्याचा फोड. तिथे कागदी चिकटपट्टी लावून टाका. यानंतर पाय भिंतीवर उंच टेकवून दहा मिनिटं पडा. मग चहा.

फोड आलाच तर लहान असेल तोवर फोडू नका. मोठा, टणक झाला असेल तर निर्जंतुक केलेल्या सुईनं कडेला छिद्र पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, मलम लावून पट्टी बांधा. सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवायची जुनी पद्धत टाळा, त्यातून जंतू आत जातात.

पाठीवर काय काय घ्यायचं?

पाण्यासकट सहा किलोच्या वर वजन जाऊ देऊ नका. तंबू, चटई, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि शिधा घरी राहिल्यामुळे हे सहज जमतं, आणि या प्रकारातलं खरं सुख तेच आहे. अंगावरचा एक जोड, पिशवीत एक जोड, रात्रीसाठी लुंगी किंवा सैल पायजमा, तीन जोड मोजे, पातळ पंचा, टोपी, विजेरी, कुलूप, प्लास्टिकच्या पिशव्या, औषधं, ओआरएसची पाकिटं, दोन लिटर पाणी मावेल इतक्या बाटल्या. थंडीत एक शाल. टेरी टॉवेल आपल्या गावचा असला तरी घरीच ठेवा, तो दिवसभर वाळत नाही. पंचा तासाभरात वाळतो.

अंथरूण-पांघरूण मिळतं का? सोलापुरी चादर न्यावी का?

भक्तनिवास आणि लॉजवर गादी, चादर मिळते. खेड्यातल्या मंडपात सतरंजी मिळते, कधी तीही नाही. तेवढ्यासाठी एक पातळ सुती चादर पुरे. सोलापुरी चादर पाठीवर न्यायला फार जड आहे. वाटेवरच्या घरात तीच पांघरायला मिळण्याची शक्यता मोठी आहे.

खाण्याचं काय?

मुक्कामावर रात्रीचं जेवण मिळेल असं बघा आणि दिवसासाठी कडक भाकरी व शेंगाची चटणी बांधून घ्या. या दोन गोष्टी चालणाऱ्यासाठीच केल्यासारख्या आहेत: कडक भाकरी पातळ, पूर्ण वाळलेली, त्यामुळे कित्येक दिवस टिकते, चटणीत दाणे आणि तेल असल्यानं ताकद येते, आणि घाम गाळणाऱ्याला लागणारं मीठ त्यात असतंच. भाकरी पिशवीत मोडते, तेव्हा सपाट डब्यात ठेवा. एखाद्या विहिरीपाशी थांबून शेतकऱ्याकडून कांदा आणि ताक मिळालं तर दुपार झाली. सकाळी मात्र पोट गच्च भरून निघू नका. चहा-बिस्किटावर निघा आणि सात-आठ किलोमीटरनंतर नाश्ता करा.

कोणत्या महिन्यात जावं?

दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढायला लागतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि तेव्हा हा बेत अजिबात करू नये. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे जोराचा पाऊस असतो. काळी माती बुटाला चिकटून एकेका पायाला किलोभर वजन होतं, ओढ्यांवरचे छोटे पूल पाण्याखाली जातात.

डांबरी रस्त्यानं जावं की शेतातून?

जमेल तिथे गाडीवाट, पांदण किंवा कालव्याच्या कडेचा रस्ता घ्या. पायांना मऊ, वाहनं कमी. पण गावकऱ्याला विचारल्याशिवाय शिरू नका. नकाशावर दिसणारी पांदण कधी नांगरून शेतात गेलेली असते. डांबरावर चालावं लागलं तर उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला.

आपल्या जिल्ह्यात एक धोका खास आहे: ऊस. दिवाळीनंतर गाळप जोरात असतं, म्हणजे नेमके आपल्या चालण्याचे महिने. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र कारखान्याकडे जातात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, मागे दिवा असेलच असं नाही, आणि गाण्याच्या आवाजात चालकाला काही ऐकू जात नाही. अंधारात त्या रस्त्यावर चालू नका. ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून खाली उतरा आणि दोन्ही ट्रॉल्या गेल्याशिवाय वर येऊ नका. पहाटे निघताना पिशवीला चमकणारी पट्टी लावा.

बायकांनी दोघी-तिघींनी जावं का?

जरूर जावं. वारीत पुष्कळ बायका चालतात, त्यामुळे या वाटांवर पिशवी घेतलेली बाई दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. मुक्काम मात्र भक्तनिवास किंवा कुटुंब राहतं अशा घरीच ठरवा, हमरस्त्यावरचे एकटे-दुकटे लॉज टाळा. दिवसाची कटकट असते ती स्वच्छतागृहाची. पेट्रोल पंप, एसटी स्टँड आणि शाळा ही ठिकाणं आदल्या रात्री नकाशावर बघून ठेवा. शाळेत बाईंना विचारलं तर नाही म्हणत नाहीत. पाणी कमी पिऊन चालायचा मार्ग मुळीच नको, त्यानं चक्कर येते आणि लघवीची जळजळ सुरू होते. पाळीच्या दिवसांत देवळाच्या आवारातल्या खोलीबद्दल मनात संकोच असेल तर तो मुक्काम लॉजवर ठरवा आणि निवांत राहा.

साठी उलटली आहे, मधुमेह आहे. जमेल का?

डॉक्टरांशी बोलून, तयारी करून, हो. दोन महिने आधी रोज तासभर आणि रविवारी दहा-बारा किलोमीटर चाला. सराव म्हणून सिद्धेश्वराच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा फार चांगली: शहरातच, वाटेत चहा, आणि कंटाळा आला तर रिक्षा. मधुमेह असलेल्यांनी पायांची तपासणी दोन वेळा करावी, कारण संवेदना कमी असेल तर फोड कळतच नाही. अनवाणी चालायचा नवस अशांनी करू नये. खिशात साखर, गोळ्यांची चिठ्ठी आणि घरच्यांचा नंबर हवा. खोली तळमजल्यावर मागा. बऱ्याच धर्मशाळांत भारतीय पद्धतीचेच संडास असतात, गुडघे दुखत असतील तर तेही फोनवर विचारून घ्या.

खर्च किती येतो?

तंबूच्या एका चांगल्या संचाच्या किमतीत अशा कितीतरी यात्रा होतात. भक्तनिवासाची साधी खोली काही शेकड्यांत मिळते, मठात आणि मंडपात देणगी द्यायची असते. 'काही नको' म्हणाले तरी पेटीत टाका. वीज, पाणी, झाडलोट यांना पैसे लागतातच. कुणाच्या घरी राहिलात तर पैसे पुढे करू नका, मुलांसाठी खाऊ किंवा घरच्या मावशींसाठी काही तरी न्या.

इथल्या सरावाचा उपयोग नेपाळला किंवा परदेशात होतो का?

पुरेपूर. नेपाळमधल्या अन्नपूर्णा किंवा एव्हरेस्टच्या वाटेवर टी-हाउस असतात. खोली स्वस्त असते आणि जिथे झोपाल तिथेच जेवावं अशी अपेक्षा असते. स्पेनमध्ये सांतियागोला जाणाऱ्या कामिनोच्या वाटेवर चालणाऱ्यांसाठी अल्बेर्गे नावाच्या धर्मशाळा आहेत. बऱ्याच ठिकाणी एकच रात्र राहता येतं, रात्री दहाला दिवे जातात, आणि प्रत्येक मुक्कामाचा शिक्का घ्यायला एक पुस्तिका असते. सांतियागोला पोचेपर्यंत निदान १०० किलोमीटर पायी केल्याचं त्यावरून दिसलं की प्रमाणपत्र मिळतं. जपानमधल्या कुमानो कोदो या यात्रेच्या वाटेवर घरगुती खानावळवजा मुक्काम असतात, तिथे संध्याकाळच्या जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. जवळचं उदाहरण हवं असेल तर नर्मदा परिक्रमा आहेच, आश्रमातला मुक्काम आणि सदाव्रत. सगळीकडे रीत तीच: लवकर पोचा, जागा स्वच्छ ठेवा, यजमानाच्या वेळा पाळा, सकाळी आवाज न करता निघा.

मध्येच सोडावं लागलं किंवा शेवटी परत यायचं झालं तर?

तिन्ही वाटांवर एसटी आहे. फाट्यावर उभं राहून हात केला की बहुतेक गाड्या थांबतात. ताप, छातीत दुखणं, गुडघ्याला सूज यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी परत फिरा, उरलेली वाट पुढच्या महिन्यात त्याच गावापासून सुरू करता येते. पंढरपूर आणि तुळजापूरहून सोलापूरला दिवसभर गाड्या असतात. अक्कलकोटहून रेल्वेनं यायचा विचार असेल तर अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे, दुखऱ्या पायांनी तिथवर जाण्यापेक्षा स्टँडवरून एसटी धरा.